वाटेतला धूर

शनिवार, १२ एप्रिल
बाबांना ताईकडून, अकोल्याहून घेऊन आलो; राहतात तिच्याकडे, अधूनमधून माझ्याकडे. निघाल्यापासून काळा धूर. बोरगाव मंजूच्या पुढे एक ट्रकवाला शेजारी आला आणि खिडकीतून ओरडला, "काका, डांबर जाळून राहिले का?"
बाबा खूश. "सुध्या, त्याले म्हन, इमान हाये, उडून राहिलं."
सुध्या फक्त या गाडीत. घरात मी साहेब. सकाळी ताईच्या दारात पोचलो तेव्हा उठून उभे राहिले. "साहेब, बसा. चहा सांगतो." ताईला ओळखतात. रोज तिच्या हातचं जेवतात म्हणून असेल.
गाडीत बसले, दार ओढलं, की मी त्यांचा मुलगा होतो. कसं, ते डॉक्टरांनाही सांगता आलं नाही.

रविवार, १३ एप्रिल
शकीलभाईंचं गॅरेज सकाळपुरतं उघडं होतं. त्यांनी गाडी सुरू केली, पाय दाबून धरला. धूर नाही.
"सर, हे तर दूध पिऊन आली."
"काल सगळा रस्ता काळा केला हिने."
"दवाखान्यात आलं की पोरगं रडाचं थांबते, तसं."
त्यांच्या मते दोनच शक्यता. डिझेल जास्त जातंय, नाहीतर हवा कमी पडतेय. धूर दोन्हीचा सारखाच. टर्बोची गाडी, त्यात जुनी. शोधायला वेळ लागेल.

सोमवार, २१ एप्रिल
बाबांना परत सोडलं. नवा एअर फिल्टर घातला होता. निघेपर्यंत ठीक, मग तोच धूर. चढावर ओढत नाही. डिझेलचा काटा डोळ्यांदेखत खाली.
निघताना बाबांनी नेहमीप्रमाणे बॉनेट उघडलं. तेल, पाणी. सिंचन खात्यात साहेबांची जीप चालवायचे, तेव्हापासूनची सवय. त्या वेळी जवळ जायचं नसतं, लहानपणीही नव्हतं. मी पिशव्या ठेवतो, कुलपं बघतो. पोचल्यावर पुन्हा उघडतात. "तिले थंडी होऊ द्या."

शनिवार, २६ एप्रिल
पाइपला चीर सापडली. टर्बोकडून इंजिनकडे जाणारा रबरी पाइप. शकीलभाईंनी तो माझ्यासमोर वाकवून दाखवला. दाबलेली हवा तिथून निसटत होती. इंजिन उपाशी, डिझेल मात्र पूर्ण.
आनंद झाला. एवढ्याशा चिरेचा.

सोमवार, २८ एप्रिल
पाइप नवा. धूर जुनाच.

शनिवार, ३ मे
डिझेल फवारणारे नोझल काढून तपासायला दिले. ते ठीक निघाले. शकीलभाईंनी टर्बोवर हात ठेवला. मग म्हणाले, "सर, हा टर्बो आता भेटत नाही. दुसऱ्याचा बसत नाही. हा गेला तं गाडी गेली, समजा."
घरी आलो. उत्तरपत्रिकांचा गठ्ठा तसाच.

रविवार, ४ मे
ताईचा फोन. "नवी घे ना. हाच रंग पाय. त्यायले काय समजते?"
मागच्या महिन्यात शेजाऱ्यांची गाडी आणली होती, हे ती विसरली. बाबा मागच्या सीटवर बसले, हात मांडीवर. मी चालवत होतो. मूर्तिजापूरपर्यंत बोलले नाहीत. मग म्हणाले, "साहेब, ड्रायव्हर सुटीवर हाये का?"

शनिवार, १० मे
अकोला. लू, म्हणजे उन्हाचा गरम वारा, सुटलेला; रस्ता पांढरा दिसत होता. चेहऱ्याला दुपट्टा न बांधलेला माणूस दिसला नाही.
ताई चिडलेली. "यायचा दुपट्टा पाय. किती धुऊ? मधात हा गोल डाग निघतच नाही." डाग बशीएवढा. धुळीचा. मी पाहिला आणि परत दोरीवर टाकला.
वाटेत धूर. घरी पोचल्यावर तासाभराने इंजिन सुरू करून पाहिलं. स्वच्छ.

शनिवार, १७ मे
आज कळलं.
पाण्याची बाटली द्यायला गेलो, बाबा बॉनेटखाली. दुपट्टा ओला केलेला. हवा आत ओढणाऱ्या नळीच्या तोंडाला तो गुंडाळून ते मागे गाठ मारत होते. घट्ट, दोनदा ओढून. पूर्वी परीक्षेच्या दिवसांत उन्हात निघालो की माझ्या डोक्याला अशीच गाठ मारायचे.
मला पाहून म्हणाले, "साहेब, मुकं जनावर हाये. लू लागली तं सांगन का?"
बॉनेट पडलं. गाडीत बसलो. "चाल सुध्या."
सगळा रस्ता आरशात धूर. पोचल्यावर त्यांनी बॉनेट उघडलं, दुपट्टा सोडला, झटकला, खांद्यावर टाकला.
इतके दिवस मी

रविवार, १८ मे
शकीलभाईंना सांगितलं. खूप हसले. "म्हणजे मी पंधरा ठिकाणी हात घातला, आन् इकडे बाबांनी तिचं नाक दाबलं!" डोळे पुसले. मग हसणं थांबलं.
"सर, मजाक नाही. टर्बो एक दिवस कपडा आत ओढून घेईन. तिथंच खतम. समजावा त्यायले."
कोणी समजवायचं? साहेबांनी?

शनिवार, २४ मे
निघण्याआधी दुपट्टा ताईकडे लपवायला दिला. बाबांनी घरभर शोधला. बॉनेट उघडून उभे राहिले, हात रिकामे. मी म्हणालो, "बाबा, ऊन कमी आहे आज." ऊन कमी नव्हतं.
गाडी अशी धावली की कित्येक वर्षांत धावली नसेल. पायाखाली नुसता इशारा पुरे. आरसा मोकळा.
बाबा दाराला टेकून बसले होते. कुरणखेडजवळ म्हणाले, "साहेब, ही खात्याची गाडी नाही. माझी हाये. तुमी काहून चालवून राहिले?"
बडनेऱ्यापर्यंत तीनदा विचारलं.

सोमवार, २६ मे
दुपट्टा मीच हातात दिला. बाबांनी बांधला.
"सुध्या, हळू."
धूर.

शनिवार, ३१ मे
मलमलचा तुकडा आणला होता. अगदी विरळ, हवा जाईल, कापड दिसेल. बाबांनी तो उजेडाकडे धरला. "याच्यातून तं लू चालली जाते." मग चौघडी केली, दुपट्ट्याखाली घातली. आता दोन कापडं.
ताई खिडकीतून बघत होती. मला म्हणाली, "आता सतरंजी आन."
हसलो आम्ही. बाबाही हसले, कशाला ते माहीत नसताना.

शनिवार, ७ जून
शिट्टी ऐकू येते. बारीक, चढावर. शकीलभाईंनी टर्बोला कान लावला. मी विचारलं, किती दिवस? "गाडी सांगन."
माझा हिशोब साधा होता: ऊन उतरेपर्यंत टर्बोने तग धरावा. लू नाही तर दुपट्टा नाही. मग गाडीही राहील आणि
वर्गात असं अर्धं वाक्य कुणी लिहिलं असतं तर मी खाली लाल रेघ मारली असती.

शनिवार, १४ जून
ढग. सकाळपासून वारा गार. बाबा बॉनेटशी उभे राहिले, वर पाहिलं, ओला न केलेला दुपट्टा स्वतःच्या गळ्यात घेतला. तेल पाहिलं, पाणी पाहिलं. बॉनेट लावलं. मी काही केलं नव्हतं.
गाडीत बसले. दार ओढलं. मी किल्ली फिरवायला उगाच वेळ लावला.
बोरगाव मंजू. कुरणखेड. धूर नाही, शिट्टीही अगदी थोडी. बाबा बाहेर बघत होते. मूर्तिजापूरला चहा घेतला. कप माझ्या हातून घेतला, माझ्याच हातात दिला. साहेब म्हणाले नाहीत. सुध्याही नाही. लोणीजवळ एक बैल आडवा आला तेव्हा म्हणाले, "हळू." त्याच्या आधी काही नाही, नंतर काही नाही.
सुध्या गाडीत होता की गाठीत? मी गाडी वाचवत होतो.
आता हे लिहितोय तेव्हा ते खाली बॉनेट उघडून उभे आहेत. सोडायला आज काही नाही. हात नळीपर्यंत जातो, परत येतो. मी खिडकीत आहे. झाकण त्यांना एकट्याने लावता येतं, तरी इकडेतिकडे बघतायत. कुणाला तरी हाक मारणार. तोंड उघडलं आहे