जंतूंशी वैर

३ मार्च, सकाळी
गावच्या सांडपाणी केंद्राचा चार्ज अखेर माझ्याकडे! मोऱ्या, न्हाण्या, संडास, सगळ्यांचं पाणी आता माझ्या हुकमात. टाकीत ते शुद्ध होऊन मळ्यांना जातं. विहिरी कधीच्याच आटल्यात, म्हणजे गावात जे काही हिरवं आहे ते माझ्या मेहेरबानीवर. महिनाअखेर इंजिनीअरबाईंची तपासणी. पास झालो की नोकरी पक्की. नाहीतर माझा मेहुणा टपलेला आहेच. बायकोचा हा धाकटा भाऊ म्हणजे खायला काळ आणि भुईला भार. त्यामुळे काळजीचं कारण नाही.

५ मार्च
इंजिनीअरबाईंनी काम समजावलं. म्हणे टाकीत जंतू असतात, तेच घाण खातात, त्यांना जपा. मी मान डोलावली. जंतू जपायचे? मग आई जन्मभर साबण घेऊन आमच्या मागे धावत होती, ती काय वेडी होती?
संकल्प : टाकी इतकी स्वच्छ ठेवायची की काठावर बसून जेवता यावं.

९ मार्च
टाकीतलं पाणी तांबूस. वर फेस. वास. बाईंना फोन केला. म्हणाल्या, छान रंग आहे, काही करू नका. डोळे तपासून घ्यायला हवेत त्यांनी. किराणावाला नाकाला रुमाल लावून गेला. अर्धी घाण त्याच्याच घरची, आणि तोराही त्याचाच!

१२ मार्च
बायकोच्या आग्रहाखातर मेहुण्याकडे. घर गावाबाहेर, म्हणून गटाराची लाइन नाही, मागे स्वतःची टाकी. बांधल्यापासून एकदाही उपसलेली नाही. चारचौघांत झाडला त्याला. खाटेवरून उठला नाही. म्हणाला, दाजी, ती मला त्रास देत नाही, मी तिला देत नाही. आणि हा म्हणे केंद्र चालवणार!

२० मार्च, दुपारी
तपासणी तोंडावर आली. ब्लिचिंग पावडरची अख्खी गोणी आणि फिनाईलचा कॅन, दोन्ही टाकीत. बायकोनं विचारलं, बाईंना विचारलंत का. हिच्या घराण्यालाच स्वच्छतेचं वावडं.

संध्याकाळी
वास गायब! फेस गायब! इतकं समाधान लग्नातसुद्धा वाटलं नव्हतं.

२३ मार्च
थोडा वास. वारा फिरला असावा.

२४ मार्च
वारा पडलाय. वास वाढलाय. टाकी काळी. हा सरळ घातपात आहे. संशय : मेहुणा. तो आठवडाभर खाटेवरून हलला नाही असं झाडून सगळे सांगतात. निर्दोष माणसाला इतके साक्षीदार लागत नाहीत.

२६ मार्च
गावच्या पाणी समितीनं मळ्यांचं पाणी तोडलं. असलं पाणी पिकाला नको म्हणे. बायकोची वांगी माना टाकून उभी आहेत. ती माझ्याशी बोलत नाही. भावाच्या करणीची लाज वाटत असणार बिचारीला.

२८ मार्च
तपासणी. बाईंनी टाकीत पाहिलं, मग कोपऱ्यातल्या रिकाम्या गोणीकडे. मी छाती काढून सगळं सांगितलं. त्यांनी गोणीवरचं नाव वाचलं. मग म्हणाल्या, जंतू मेले. सगळे. आता दुधाला विरजण लावतात तसा दुसऱ्या टाकीतला जिवंत गाळ आणून घालायचा. लाइनवर नसलेली टाकी एकच, मेहुण्याची. बाईंनी तिचं झाकण उघडायला लावलं, वाकून पाहिलं आणि चक्क हसल्या. मेहुण्याला म्हणाल्या, छान ठेवलीत हो. ठेवलीत! त्यानं कूससुद्धा बदललेली नाही!

२९ मार्च
गाळाच्या बादल्या मीच वाहायच्या, असा समितीचा ठराव. नोकरी मेहुण्याला. मी जाब विचारला. अध्यक्ष म्हणाले, तो कशालाच हात लावत नाही, टाकीला असाच माणूस हवा. मला मदतनीस केलंय. हात न लावण्याची अटही घातलीय. जळतात माझ्यावर.

१२ एप्रिल, दुपारी
टाकीला पुन्हा तांबूस रंग. फेसही आलाय. मळ्यांना पाणी सुटलं. वांग्यांनी मान वर काढली, बायकोनं अजून माझ्याकडे पाहिलेलं नाही. अंगाचा वास जाईपर्यंत घरात पाऊल टाकायचं नाही, असा निरोप आणि जेवणाचा डबा मेहुण्याबरोबर आला. म्हणाला, दाजी, हात धुवा, पण साबण जरा बेतानं, पाणी टाकीत जातं.
काठावर बसून जेवलो. संकल्प म्हणजे संकल्प.