खिंड मोकळी राहिली, आत्याबाई

प्रिय आत्याबाई,

आज दुपारी खिंडीचा कागद झाला. दोन डोंगरांच्या मधली तुमच्या वाट्याची जमीन जनावरांना जायला-यायला मोकळीच राहील, तिथे भिंत, तार, शेड काही उभं राहणार नाही, असं आपण वनखात्याला लिहून दिलं. शेजारच्या कंपनीनंही तिची तार मागे घ्यायचं कबूल केलं. घरात सगळ्यांना सांगून झालं, पण ज्यांना आधी सांगायला हवं त्या तुम्हीच नाही. म्हणून लिहायला बसले. तुम्हाला अक्षरओळख नव्हती, ठाऊक आहे मला. पण माझं तोंड बघून तुम्ही सगळं ओळखायचात ना!

वनखात्याच्या मॅडम या जमिनीला भ्रमणमार्ग म्हणतात. तुम्ही असतात तर आधी विचारलं असतंत, बाईला चहा दिला का? दिला, आत्याबाई. गवती चहा घालून दिला.

तुम्हाला वाटणीचा दिवस आठवतो? चाकणच्या कंपन्या सरकत सरकत आपल्या शिवाराला भिडल्या, भाव चढले आणि घरोघरी वाटण्या सुरू झाल्या. तुमच्या दोन्ही लेकांनी तुम्हाला विहिरीजवळचा तुकडा देऊ केला. तुम्ही मागितलीत खिंड. नुसता खडक आणि करवंदीच्या जाळ्या! पोरांनी आईला फसवलं अशी भावकीत कुजबुज झाली. मला तुमचा इतका राग आला होता! आमची नाचक्की होतेय हे तुम्हाला दिसत नव्हतं का?

आपल्याकडे वाटणी झाली की विहिरीच्या आधी कंपाउंड होतं. ह्यांनी आणि दत्ताभाऊजींनी तेच केलं. तुमच्या शेळ्यांना बिबट्याचं भय नको म्हणून, तुम्ही लेकीकडे देहूरोडला गेला असताना, खिंडीत आडवी भिंत घातली. आईला खूश करायला निघाले होते बिचारे. त्याच हिवाळ्यात बिबट्या गावातून जायला लागला. आधी शाळेमागच्या बोळातून, मग आपल्या अंगणातून. मोत्याला तर त्यानं ओसरीवरून उचलून नेलं.

त्या कुत्र्यासाठी तुम्ही जेवण सोडलंत. बिबट्याला घातलेल्या शिव्या मी इथे लिहू शकत नाही. रानडुकरांना, साळिंदरांनाही तुम्ही कधी बरं म्हटलं नाहीत. भुईमूग उकरला की त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा. मला वाटलं, आता भिंत आणखी उंच करायला सांगणार. पण तुम्ही दोन्ही लेकांना समोर बसवलंत आणि म्हणालात, "त्येची जायाची वाट आपुन बुजवली. मग त्यो आपल्या दारातनं जानार न्हाई तर कुठनं जाईल? पाडा ती भिंत."

भिंत पडली. बिबट्याचा गावातला फेरा हळूहळू थांबला. माझी लेक राणी तेव्हा त्याच बोळातून शाळेत जायची, आत्याबाई. ती येईपर्यंत मी दारात उभी असायचे. तो घोर तुम्ही संपवलात. केवढे उपकार केलेत तुम्ही माझ्यावर!

मग तुम्ही अंथरूण धरलंत आणि गोदामवाल्याच्या चकरा सुरू झाल्या. त्याला खिंड विकत घेऊन, सपाट करून चारी बाजूंनी भिंत घालायची होती. दत्ताभाऊजींचं मन होत होतं, आणि त्यांना दोष तरी कसा द्यावा? कंपनीत कंत्राटावर माणसानं किती वर्षं काढायची? मी एकटीच नको म्हणत होते. तुम्ही गेल्यावर माझी सगळी भिस्त दहाव्यावर होती. कावळा लवकर शिवणार नाही, मग भाऊजींना घाटावर सगळ्यांदेखत शब्द द्यावा लागेल की खिंड विकणार नाही, असा माझा हिशेब.

आणि तुम्ही काय केलंत? पिंड ठेवून आम्ही मागे सरतोय तोच कावळा शिवला! सगळे म्हणाले, म्हातारी सुखानं गेली, काही इच्छा राहिली नाही. मी इंद्रायणीच्या काठावर रडत होते ती रागानं. जरा दम धरवला नाही का तुम्हाला?

 परतताना भाऊजींना गोदामवाल्याचा फोन आला, तो त्यांनी उचलला नाही. चाकणच्या चौकात ट्रकांच्या रांगेत आमची गाडी अडकली तेव्हा म्हणाले, "वहिनी, आईनं माझ्याकडनं शब्दबी न्हाई घेतला."

 

रांग हलली तेव्हा तेच म्हणाले, "भरवसा हुता तिचा. आता कसं इकू?"

त्यांना सगळ्यांसमोर शब्दात अडकवायची युक्ती माझी होती, आत्याबाई. तुम्हाला तिची गरजच पडली नाही. आपल्या लेकाला तुम्ही माझ्यापेक्षा जास्त ओळखत होतात. वनखात्यात पहिली चौकशी करायला भाऊजीच गेले, आणि आज कागदावर पहिली सहीही त्यांनीच केली.

आता माझा शब्द घ्या, तुम्ही मागितला नसला तरी. आपल्या घरात पुढेही वाटण्या होतील. मी आहे तोवर तुमचा वाटा कुठल्याच वाटणीत येणार नाही. आणि मी नसेन तेव्हाचीही सोय करून ठेवते. या घरात माझी सून येईल, तिला भाकरी गोल थापता नाही आली तरी चालेल. पण अख्ख्या भावकीसमोर उभं राहून एका खडकाळ तुकड्यासाठी भांडता आलं पाहिजे. तेवढं मी तिला शिकवीन. मला ते तुम्ही शिकवलंत.

तुमची थोरली सून,
सुमन