ओला श्वास

शनिवार, ता. १४

ती. ताईस,

नमस्कार. मी बरा आहे. जेवतो वेळेवर, खोकला गेला, खोलीतला नळ दुरुस्त झाला. गुरुवारी आप्पांचं ऑपरेशन आहे, येणार की नाही ते कळव, असं तू लिहिलंस. त्यावर येतोच. आधी कामाचं सांगतो.

भूल दिलेला पेशंट भुलीचा वायू बराचसा जसाच्या तसा श्वासातून बाहेर सोडतो आणि तो छपरावरच्या पाइपातून वाया जातो. तो पकडून परत वापरायचा तर स्पंजासारखा, अगदी बारीक भोकांचा पदार्थ लागतो. असे शेकडो पदार्थ आम्ही आधी कॉम्प्युटरवरच तपासतो. निवड आमच्या प्रयोगशाळेच्या मॅडमची. मी, बारावी नापास, आकडे भरतो आणि पुन्हापुन्हा ताडून बघतो. मॅडम म्हणतात, "तू मिठातसुद्धा खडे शोधशील."

मागे एक पदार्थ पहिला आला. खऱ्या श्वासावर मात्र साफ आपटला. हिशेब लवकर व्हावा म्हणून पहिल्या फेरीत आम्ही श्वास कोरडाच धरतो. ओल्या श्वासाची फेरी घाईत राहून गेली. भोकं वाफेच्या पाण्यानेच भरली, वायू बाहेरच राहिला.

म्हणून नवे नमुने आणायला मला हॉस्पिटलात पाठवलं. आई गेल्यापासून मी ऑपरेशन थिएटरच्या दाराशी गेलो नव्हतो. तू हॉस्पिटलात बोलावलंस की दर वेळी रजा नाही म्हणून कळवलं. रजा होती.

सिस्टरने श्वास भरलेली पिशवी हातात दिली. कोमट होती, आतून धुकं धरलेली.

"कुणाची?"

"आहेत एक आजी. शुद्धीवर आल्या, आता चहा मागतायत."

मला काही वाटलं नाही, ताई. आईच्या वेळीही वाटलं नव्हतं. तू तिच्या चपला मांडीवर घेऊन बसली होतीस. भुलीतून त्या बाहेर आल्याच नाहीत, असं डॉक्टर सांगत होते, आणि मी भिंतीवरची सूचना वाचत होतो. तिच्यात एक वेलांटी चुकली होती.

परतताना बसमध्ये मी ती पिशवी शर्टाच्या आत धरून बसलो. गार होऊ नये म्हणून. तसं कुणी सांगितलं नव्हतं.

बुधवारच्या गाडीने येतो. या वेळी चपला माझ्याकडे दे. आत तू जा. बाहेर आलीस की बाकी काही बोलू नकोस, आप्पा चहा मागतायत एवढंच सांग.

तुझं,
शेंडेफळ