आतली राखण

दौंड,
१९ नोव्हेंबर २००२

प्रिय ज्ञानेश,

लग्न झाल्यापासून तुला ‘अहो’च म्हटलं. तुझं नाव घेतलं ते उखाण्यापुरतं. आज ते सरळ माथ्यावर लिहिलंय आणि बोलणारही एकेरीतच आहे. ‘प्रिय’ मात्र रीत म्हणून लिहिलं, त्याचा अर्थ लावत बसू नकोस.

मी दौंडला ताईबाई मावशीकडे असते, तिच्या क्लासात मुलींना शिवण शिकवते. आबा वडगाव रासाईलाच आहेत. नदीकडच्या तुकड्यात यंदा शेवंती लावलीय, फुलं टपोरी आलीत. माझी तब्येत ठणठणीत आहे. आणि तब्येतीचंच सांगायचंय.

कारेगावच्या खोलीत मला टायफॉईड झाला, तेव्हा औषधांवर औषधं झाली. ताप उतरला, पण अंगावरून पांढरं जायला लागलं. मी तुझ्या आईला सांगितलं, दुसरं कुणाला सांगणार? गिताबाई म्हणाल्या, घाण आहे, धुऊन काढ. बादलीत जंतुनाशक ओतून द्यायच्या आणि आतपर्यंत धुवायला लावायच्या, रोज सकाळी. आग आग व्हायची. मी जितकं धुवावं तितका वास वाढायचा, सडक्या मासळीसारखा. मग तू खाटेवरून उठून खाली झोपायला लागलास. डॉक्टरकडे ने म्हटलं, तर म्हणालास, कंपनीतल्या लोकांना कळलं तर तोंड कुठं दाखवू?

मग एका रविवारी मला वडगावला माहेरी आणून सोडलंस. भावकी ओट्यावर बसली होती, चहा व्हायचा होता. आबांनी काय झालं विचारलं, आणि तू सगळ्यांदेखत म्हणालास, “पोरगी आतून सडलीया. कुठं शेण खाल्लं ते तिलाच इचारा.” आबांनी मला काही विचारलं नाही. पण त्या दिवसापासून ते देवळात बसायला गेले नाहीत.

मावशी मला इथल्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. मी तपासायच्या टेबलावर चढायलाच तयार नव्हते, वास येईल म्हणून. बाईंनी तपासलं, काचेवर थेंब घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. मग मला समोर बसवून समजावलं. बाईच्या त्या जागेत चांगले जंतू राहतात, दह्यातल्या जंतूंच्या भावकीतले. ते तिथं आंबटपणा धरून ठेवतात आणि त्या आंबटपणात वाईट जंतूंना वाढता येत नाही. टायफॉईडच्या औषधांनी त्यातले काही गेले असतील, आणि उरलेले त्या धुण्यानं गेले. म्हणाल्या, “तुला कुणाकडून काही लागलेलं नाही. तुझी आतली राखण तुझ्याच हातून मारवली त्यांनी.”

मी तिथं रडले नाही. मला तुझा ओट्यावरचा आवाज ऐकू येत होता.

त्यांनी गोळ्या दिल्या. आत धुणं कायमचं बंद, बाहेरून साधं पाणी बास, असं सांगितलं. मावशीनं आतून दही लावू का म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, लावू नका, खाऊ द्या. चांगल्या जंतूंच्या कॅप्सूलही निघाल्यात, पण त्यांचा कितपत गुण येतो ते अजून नक्की नाही, हेही त्यांनी सांगितलं. आठवड्याभरात वास गेला. मधे एकदा उलटलं, पुन्हा गोळ्या घेतल्या, मग बरी झाले ती झाले. मावशीनं तुझ्याकडे निरोप धाडला होता. ‘आता काय उपयोग’ एवढंच तुझं उत्तर आलं.

तेव्हापासून मी वाट बघत होते. लोक म्हणतात, सोडून द्यावं, देव बघतो. देवाला कामं पुष्कळ असतात.

गेल्या महिन्यात पाबळहून एक मुलगी आईला घेऊन क्लासात आली. आई म्हणजे धुरपदाबाई, हौशीरामांची मंडळी. त्या मुलीशी तुझी सोयरीक ठरत होती. मुलीनं दारातच विचारलं, “ताई, त्यांनी तुम्हाला का सोडलं?” मी मशिनी थांबवल्या आणि सगळं सांगितलं. बादली, वास, ओटा, तुझे शब्द जसेच्या तसे. जंतूंचंही सांगितलं, क्लासातल्या मुली ऐकत असताना. बोलताना तुझी दया आली नाही. उलट गोड वाटत होतं. धुरपदाबाई पदराला हात पुसत राहिल्या. मुलगी म्हणाली, “उद्या मला टायफॉईड झाला तर?” एवढं बोलून आईचा हात धरून गेली.

सोयरीक मोडल्यावर तू तुझ्या कोंडिबामामांना म्हणालास म्हणे, कुणीतरी आपल्या वाईटावर आहे. कुणीतरी नाही, मी आहे. हे पत्र त्यासाठीच. नाहीतर तू ग्रहांना, शेजाऱ्यांना बोल लावत बसला असतास आणि मी केलेलं दुसऱ्याच्या नावावर गेलं असतं. आता दुसरी मुलगी बघशील, जरूर बघ. तिच्या घरच्यांना चौकशी करायची असेल तर पत्ता खाली देतेय.

कधीकाळी तुझीच म्हणवलेली,
सारिका

ताईबाईंचा शिवण क्लास,
भाजी मंडईमागे, दौंड