करडाच्या गळ्यातली गाठ

१२ फेब्रु. १९९४, सांगली
अभ्यासरजा जूनमध्ये संपते. मग पुन्हा कॉलेज, प्राणिशास्त्राचे तास, आणि पीएच.डी. लटकलेली. शेवटी आज धीर करून मारुती खाटकाकडे गेले. म्हटलं, करडाच्या गळ्याखालची गाठ हवी, कापल्याबरोबर.
तो म्हणाला, "बाई, तुमच्यात तर अंडंबी चालत न्हाई!"
"खायला नको, तपासायला."
"मग न्या की. ती कोण घेतंय!"
गाठ म्हणजे थायमस. रोगाशी लढणाऱ्या टी-पेशी इथंच तयार होतात. करडात टपोरी, म्हाताऱ्या शेळीत जवळजवळ नाहीशी. बर्फाच्या डब्यात घालून आणली, पडवीत ठेवली. उद्या पुण्याला प्रयोगशाळेत.

१३ फेब्रु.
सगळं वाया. डबा परसात नळाजवळ, झाकण उघडं, बर्फाचं पाणी. सासूबाई म्हणाल्या, "मीच ठेवला. घरात मांस नको." मला हवा तो आरएनए, म्हणजे पेशीतली जनुकाची नक्कल, उबेला टिकत नाही, पण हे त्यांना कुठल्या शब्दांत...
शरद : "आईला काय कळणार त्यातलं?"
मी : "कळणार नाही. विचारता तर आलं असतं."
नवरा-सासू दोघांशीही अबोला.

२७ फेब्रु.
दूधसंघाच्या जनावरांच्या डॉक्टरांना गाठलं. वळूच्या वीर्याच्या कांड्या ते द्रवरूप नायट्रोजनमध्ये ठेवतात. हसले, पण छोटं कॅन दिलं. मारुतीच्या दुकानातच नव्या गाठीचे तुकडे आत टाकले. वाफ बघून मारुती मागं सरला. "लय गार दिसतंय!" करडाचं रक्तही घेतलं, पांढऱ्या पेशी कॉलेजात वेगळ्या केल्या. यावेळी घरी नेलंच नाही, तडक स्टेशन.

२८ फेब्रु., पुणे
गाडी लोणंदला अडकली. इंजिन बंद. कॅनमधून वाफ येताना बघून डब्यात कुजबुज, बाँब वगैरे. एक बाई लेकरं घेऊन उतरल्याच. रजेवर आलेला साताऱ्याकडचा जवान पुढं झाला. "ताई, हाय काय ह्यात?" सांगितलं. त्यानं वाकून बघितलं आणि सगळ्यांना म्हणाला, "शेळीचा गळा हाय! बसा गप." नमुने शाबूत पोचले.

१२ मार्च
जमलं! माणसातल्या टी-पेशींच्या जनुकावरून बेतलेले प्रायमर, म्हणजे ते जनुक हुडकणारे डीएनएचे छोटे तुकडे, शेळीला चालतील असं मॅडमना (माझ्या गाइड) वाटत नव्हतं. चालले. जेलवर थायमसमध्ये आखूड नकलेचा पट्टा, रक्तात लांब नकलेचा. जनुक तेच. आरएनए कापून जोडताना कच्च्या पेशी मधले तीन तुकडे गाळतात, तयार झालेल्या ठेवतात.
पण थायमसमध्ये या दोहोंच्या मधे अजून एक पट्टा. फिकट. मॅडम म्हणाल्या, "डीएनएची घाण असेल."
मला वाटतं, एकच तुकडा ठेवलेल्या पेशी. वाटून काय उपयोग.

३ एप्रिल
आरएनएचं डीएनए करणारं एन्झाइम न घालता नळी चालवली; घाण असती तर पट्टा तरीही आला असता. कोरी. म्हणजे घाण नव्हे. मॅडम म्हणाल्या, "एका करडावर कोण विश्वास ठेवेल? आणखी आण." दुसऱ्या करडात तो मधला पट्टा दिसला नाही. ते मोठं होतं. वयाचा फरक? तसं असेल तर वेगवेगळ्या वयाची करडं लागणार, आणि जूनपर्यंत हे काही...

१ मे, सांगली
बिनपगारी रजेचा अर्ज दिला. शरद म्हणाला, "चालवू."
दुपारी सासूबाई शेंगा निवडत होत्या. आपणहून विचारलं, "त्या गाठीत काय मिळालं?" सांगितलं, जमेल तितकं. मी म्हटलं, ही गाठच नसेल तर पोर साध्या खोकल्यानंही जातं.
शेंगा तशाच ओंजळीत. "शरदच्या पाठचा एक होता. दोन वर्षांचा झाला नाही. सारखा ताप, सारखं तोंड आलेलं. लोक म्हणायचे माझंच दूध बाधलं. त्याला गाठ नसेल का गं?"
लग्नाला सहा वर्षं झाली. शरदला भाऊ होता हे मला आज कळलं.
"माहीत नाही, आई" एवढंच म्हणाले.

२२ मे, पुणे
रजा मंजूर. नवीन करडांचे नमुने उद्या लावणार.
मॅडमना सासूबाईंच्या त्या मुलाचं विचारलं. म्हणाल्या, "असूही शकेल. जन्मतःच दोष असतात, काही आईच्या बाजूने येतात, पण तो दुधाचा दोष नव्हे. आता तपासणार कशावर?"
दुधाने नाही हे घरी गेल्यावर लगेच सांगायचं. पण मग दोष आला कुठून, असं त्यांनी विचारलं तर? विचारतीलच. अर्धंच सांगावं का?