ऋतचा पुरुषोत्तम झाला त्या दिवशी

अण्णा, तुमच्या नातवाचं लग्न ठरलं. परवा पत्रिका आली. त्यावर त्याचं नाव पाचही अक्षरांसकट छापलंय, आणि त्याच्या वर त्याच्या आईचं. दोन्ही नावं तुम्हीच ठेवलेली. तुम्ही असतात तर चष्मा कपाळावर चढवून पत्रिका सगळ्या मजल्यावर फिरवून आणली असतीत. मला ती वाचताना सत्त्याऐंशी सालचं घाटकोपर आठवलं, आपल्या दोन खोल्या, बाल्कनीत वाळणारी बाळाची दुपटी, आणि स्वयंपाकघरात घुगऱ्यांसाठी हरभरे निवडत बसलेली वहिनी.

माणसांची नावं आहेत तशी राहू देणं तुम्हाला कधी जमलंच नाही. गिरणीत तुम्ही टाइमकीपर, तिथे माणसं नंबरावर चालायची. घरी त्याचा वचपा. दादाला 'थंडा', आईला 'फाटकी पिशवी', मला 'चोमडी'. वहिनीच्या बाबतीत तर तुम्ही टोपणनावावरही थांबला नाहीत. लग्नात तांदळात अंगठीने बायकोचं नवं नाव लिहायचं ते नवऱ्याने ठरवावं, अशी निदान रीत तरी आहे. तुम्ही दादाच्या हातात चिठ्ठी दिलीत आणि त्याने ती ताटात उतरवून काढली, परीक्षेत कॉपी करतात तशी. संस्कृत घेऊन बी.ए. झालेल्या मुलीचं तेवीस वर्षं वापरलेलं नाव ताटभर तांदळात गेलं. त्या तांदळाचा दुसऱ्या दिवशी भात झाला आणि आपण सगळे तो जेवलो.

पहिलं बाळंतपण माहेरचं, म्हणजे बारसंही माहेरी, कांजूरमार्गला व्हायला हवं होतं. पण तुम्ही म्हणालात, त्या वॉचमनच्या खोलीत आमची माणसं बसायची कुठे. म्हणून ते आपल्याकडे. आदल्या दिवशी दुपारी तुम्ही झोपलेले पाहून वहिनीने मला जवळ बोलावलं. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा, म्हणजे माझा. तिने नाव शोधून ठेवलं होतं, ऋत. सूर्य ज्या नियमाने उगवतो तो नियम, असा काहीतरी अर्थ तिने सांगितला. मला अर्थापेक्षा तिचं कारण आवडलं. नाव इतकं लहान आहे, म्हणाली, की कोणाला मोडता येणार नाही. मग हातातले हरभरे तसेच ठेवून म्हणाली, "वन्सं, माझं तांदळात गेलं. ह्याचं तेवढं राहू द्या."

मी तिला शब्द दिला. एकदा कानात गेलं की संपलं, अण्णांचं काय चालतंय, असं छातीठोकपणे म्हटलं. तुम्हाला तुमच्या वडिलांचं नाव पुन्हा घरात हवं होतं हे आम्हा दोघींनाही माहीत होतं.

आणि मग ती संध्याकाळ. हॉलमध्ये पाळणा, भोवती बायका, दाराशी वहिनीचे वडील. त्यांनी दोन कापडी पिशव्यांतून बाळंतविडा आणला होता. झबली, टोपडी, पातळसे चांदीचे वाळे. सोन्याची साखळी त्यात नव्हती आणि हे तुम्ही आल्यागेल्याला ऐकू जाईल अशा बेताने दोनदा बोलून झाला होतात. बाळाला पाळण्याच्या वरून-खालून फिरवलं, मी वाकले, बायकांचे हात माझ्या पाठीवर बुक्के मारायला तयार. त्यांतल्या कुणीतरी विचारलं, नाव काय गं? मी म्हटलं, ऋत. तुम्ही खुर्चीतून मान वळवलीत. "ह्यां नाव आसा काय शिंक?"

सगळे हसले. वहिनीने माझ्याकडे पाहिलं. मला फक्त कुर्रर्र करून ते दोन अक्षरी नाव कानात सांगायचं होतं. श्वास घ्यायलासुद्धा त्याहून जास्त वेळ लागतो. पण मी मान वर केली आणि म्हटलं, "अर्धंच आलंय अण्णा. उरलेलं कांजूरमार्गलाच राहिलं, साखळीबरोबर."

तुम्ही हसलात. खोकला येईपर्यंत, मांडीवर थाप मारत. सव्वीस वर्षांत माझ्या बोलण्यावर पहिल्यांदा. "चोमडी माझ्यावर गेली," असंही शेजाऱ्यांना म्हणालात. वहिनीचे वडीलही हसले, कारण पाहुण्याला हसावं लागतं. त्यांना दारातून आत बसायला बोलवायचं त्या हसण्यात राहूनच गेलं. मग मी पुन्हा वाकले आणि बाळाच्या कानात 'पुरुषोत्तम' सांगितलं. तुम्ही इतके खूष होतात, तुमचा विरस करवेना. पाठीत बुक्के बसले ते जोरात बसले.

शाळेत आठवड्याभरात त्याचा 'पुऱ्या' झाला. तुम्ही तर बारशानंतर दोन वर्षांतच गेलात, दादाने मुलुंडला घर घेतलं. वहिनीने मुलाला आजवर एकदाही नावाने हाक मारली नाही. 'अरे', 'ऐक ना', 'जेवायला ये'. दहावीत असताना त्याने मला विचारलं होतं, आत्या, आई मला नावाने का बोलवत नाही? मी म्हटलं, एवढं लांबलचक नाव कोण घेणार, आळशी आहे तुझी आई. तो हसला. मी लोकांना हसवूनच पोट भरते हल्ली. पेपरात सदर आहे, शनिवारी येतं. लोक म्हणतात, बाई, जीभ काय आहे तुमची. मी म्हणते, वडिलांची.

खरं म्हणजे हे पत्र वहिनीला लिहायला बसले होते. ती जिवंत आहे, पोस्टाने दुसऱ्या दिवशी पोचलंही असतं. तीन वेळा 'प्रिय वहिनी' लिहिलं आणि तीनही कागद फाडले. तिला माफी लिहायची म्हणजे ते वाक्य लिहावं लागणार, आणि त्या वाक्याला ती हसणार नाही. म्हणून तुम्हाला लिहिलं. आणि अण्णा, त्या दिवशी मी इतकं नेमकं बोलले नव्हते. साखळीचं त्यात नव्हतंच, ते आत्ता घातलं. तुम्ही आणखी थोडं हसला असतात.