कमला आंटीला जमेल का?

१२ फेब्रुवारी २००६, रविवार

आले एकदाची! निजामुद्दीन स्टेशनवरून गुडगावला येताना टॅक्सीवाल्याने जागोजागी पत्ता विचारला, आणि ज्यांना विचारला त्यांनाही तो ठाऊक नव्हता, कारण इथले रस्तेच कालपरवा झालेत. खोली मात्र मनासारखी मिळाली. गच्चीवर एकटीच, स्वतंत्र; इथे तिला बरसाती म्हणतात. खाली घरमालकीण कृष्णाबाई जगदाळे, मूळच्या साताऱ्याकडच्या. यजमान सुभेदार होते. दिल्लीच्या छावणीत असताना त्यांनी ही जागा घेतली तेव्हा भोवती नुसती मोहरीची शेतं होती. आता मागे काचेचे टॉवर चढतायत आणि वाळत घातलेल्या कपड्यांवर सिमेंटचा थर बसतो. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा युवराज मेलबर्नला असतो, दर रविवारी सकाळी फोन करतो, आणि तो येईपर्यंत काकू फोनपाशीच बसून भाजी निवडतात.

साठी कधीच ओलांडलीय, पण चष्मा नाही. माझ्या बॅगेचा तुटलेला पट्टा त्यांनी बोलता बोलता शिवून टाकला. सुईत दोरा ओवताना बोलणंसुद्धा थांबवलं नाही. मी पुण्याची म्हटल्यावर म्हणाल्या की मग दुपारी झोपमोड केली तर पाटी लावशील बाई दाराला. आम्ही दोघी खूप हसलो. आईला फोन करून सांगितलं की माझी काळजी सोड, मला इथे आयती काकू मिळालीय.

२० फेब्रुवारी, सोमवार

ऑफिस झकास आहे. आम्ही विमानाची तिकिटं विकणाऱ्या एका कंपनीची वेबसाइट करतोय. आता म्हणे सगळा देश विमानाने फिरणार आणि तिकीट स्वतःच काढणार. ते काढताना कुणाचं डोकं फिरू नये, हे बघायचं काम माझं. काकूंना सोपं करून सांगितलं की कोणतं बटण कुठे असावं हे मी ठरवते. त्यांनी तोंडाला पदर लावला. एवढ्यासाठी पुण्याहून माणूस आणलं का, असं विचारत होत्या.

शनिवार-रविवारी माझी स्वतःची साइट करते, ‘राजधानीतले आपण’. इथली मराठी घरं एकमेकांना सापडावीत म्हणून. मोदकाची पिठी कुठे मिळते, गोडा मसाला कोण करून देतं, असलं सगळं. लोक समारंभांचे फोटो पाठवतात, मी ते लावते. सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टर्समधून हळदीकुंकवाचा मोठा घोळका आलाय. नावं कुणी कळवत नाही, नुसते चेहरे.

३ मार्च, शुक्रवार

आज पर्सोना केली. म्हणजे आमच्या कामातलं खोटं गिऱ्हाईक. त्याला नाव, वय, फोटो, अडचणी सगळं द्यायचं, भिंतीवर लावायचं, आणि प्रत्येक स्क्रीन केली की विचारायचं, हिला जमेल का? आमची म्हातारी गिऱ्हाईक म्हणजे कमला आंटी. फोटोसाठी इंटरनेट पालथं घातलं, पण सगळ्या गोऱ्या, पांढऱ्या केसांच्या, हातात टेनिसची रॅकेट घेतलेल्या आज्या. शेवटी गच्चीत पापड घालताना काढलेला काकूंचा फोटो लावून टाकला. चेहरा बघताच राघव म्हणाला, बिल्कुल, हीच आपली आंटी. राघव माझा बॉस, पक्का दिल्लीवाला.

खाली लिहिलं: बारीक अक्षर दिसत नाही, माउस धरायची भीती वाटते. काकूंच्या बाबतीत दोन्ही धादांत खोटं. त्यांना विचारायला हवं होतं, पण म्हटलं, कुठे एवढं समजावत बसा.

१९ मार्च, रविवार

काकूंनी मला सुईत दोरा ओवून मागितला. मी ओवून दिला, मग गच्चीत येऊन उगाच उभी राहिले. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले की मोतीबिंदू आहे, या वयात होतोच. होतोच. पण इतका भराभर?

परवा त्यांना साइट दाखवायला गेले तर माउसवरून त्यांनी हात काढून घेतला. म्हणाल्या, नको गं बाय, चावंल. थट्टाच केली असणार. मी हसले, पण त्या हसल्या नाहीत.

२८ मार्च, मंगळवार

राघवचं म्हणणं, आंटी फारच हुशार ठरतेय, सगळं जमतंय तिला. यार, थोडी और तकलीफ दो बेचारी को, म्हणाला. मी लिहिलं: हात थरथरतात. आधीच्या स्क्रीनवर काय होतं ते विसरते. मुलगा परदेशी, फोनसुद्धा करत नाही, त्यामुळे विचारायला कुणी नाही. वाचून दाखवलं तर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. शेवटचं वाक्य तर अगदी आतून आलंय, म्हणे.

खरंच रंगून जाऊन लिहिलं मी. ते आत्ता आठवून तोंड कडू होतंय.

६ एप्रिल, गुरुवार

काकूंच्या हातून कप निसटला. गरम चहा पायावर सांडला. मी बर्फ लावत होते आणि त्या पुन्हा पुन्हा विचारत होत्या की आज रविवार का? युवराजचा फोन आलेला नाही. गेल्या रविवारी त्या संध्याकाळपर्यंत फोनपाशी बसल्या होत्या, निवडलेली भाजी तशीच सुकून गेली. मी मेलबर्नला फोन लावला तर युवराज म्हणाला की लक्षातच राहिलं नाही, कसं कोण जाणे. मी सांगितल्यावरही त्याने केला नाही.

हे मी केलंय. वेड्यासारखं वाटतं लिहिताना, पण मीच केलंय.

८ एप्रिल, शनिवार

ऑफिसात कुणी नव्हतं. आंटीचा कागद बदलला. नजर उत्तम, हात स्थिर, मुलगा दर रविवारी फोन करतो. नवा छापून भिंतीला लावला आणि धावत घरी आले. काकू अंगणात बसून ब्लाउजला हुक लावत होत्या. चष्मा नाही. मला म्हणाल्या, रडतेस काय गं, पुण्याची आठवण आली का?

११ एप्रिल, मंगळवार

राघवने जुना कागद परत लावला. कंपनीला तोच दाखवलाय, असं न विचारता बदलायचं नसतं, म्हणाला.

काकू हुकांचा डबा मांडीवर घेऊन बसल्या आहेत. डबा कशाचा, ते मला विचारतात.

१८ एप्रिल, मंगळवार

रोज एकेक अडचण वाढतेय. आता मी लिहीत नाही, बाकीचे लिहितात. दिशा कळत नाही. एकटी असली की घाबरते. मी राघवला सगळं सांगितलं. तो ऐकून घेऊन प्रेमाने म्हणाला की दोन दिवस सुट्टी घे, पुण्याला जाऊन ये.

मग मीटिंग झाली. तिकिटवाल्या कंपनीचं म्हणणं आलंय की असल्या बायका तिकीट काढतच नाहीत, त्यांची मुलं काढतात. कमला आंटी नको. शुक्रवारी तिला काढून टाकायचं.

काढून टाकायचं. सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली.

२० एप्रिल, गुरुवार

काकूंचा फोटो तिथून हलवायलाच हवा. सकाळी आधी हाताने काढलेलं चित्र लावलं. घरी फोन केला तर मी कोण, ते काकूंना कळेना. चित्र पुरत नाही. माणूसच लागतं.

माझा फोटो होता. कॉम्प्युटरवर समोर उघडलेला होता. तोच लावायला हवा होता. लिहिलेला प्रत्येक शब्द माझा, मग चेहरा माझा का नको? हात पुढे गेलाच नाही. डोळे जाणार, हात जाणार, आणि उद्या— मी सव्वीस वर्षांची आहे—

मी माझी साइट उघडली. सरोजिनी नगरचं हळदीकुंकू. मागच्या रांगेत एक बाई, हिरवी साडी, अर्धवट हसणारी. नाव माहीत नाही. म्हणूनच ती निवडली. नाव माहीत नव्हतं म्हणून.

लावला. देवा, मी तिचा फोटो लावला.

२१ एप्रिल, शुक्रवार

दुपारी राघवने कागद भिंतीवरून काढला, चुरगळला, टोपलीत टाकला. कुणाचं लक्षही नव्हतं.

घरी आले तर काकू ठणठणीत. युवराज रविवारची वाटही न बघता फोनवर आलेला. मला थालीपीठ वाढलं, वरून लोण्याचा गोळा. मी खाल्लं. भूक होती, चक्क दोन खाल्ली. काकू पाठीवरून हात फिरवत होत्या आणि मला तो हात झटकावासा वाटत होता.

२३ एप्रिल, रविवार

साइटवर निरोप आलाय. विनया नावाच्या मुलीचा. हळदीकुंकवाच्या फोटोत तिची आई आहे, सुनेत्रा. फोटो काढून टाकाल का, बघवत नाही, म्हणते. आई शुक्रवारी दुपारी गेली. काही आजार नव्हता. गुरुवारी सकाळी एकाएकी दिसेना, हात कापू लागले, घरातल्या घरात वाट चुकली. जाईपर्यंत भिंती चाचपत होती आणि सारखं विचारत होती की आता पुढे कुठे दाबू?

मुलीने खाली माझे आभार मानलेत. साइट फार छान आहे म्हणून.

२४ एप्रिल, सोमवार

कामावर गेले नाही. फोटो काढायला साइट उघडली. मागच्या रांगेत ती नाही. दोन बायकांमध्ये जागा आहे, पलीकडची भिंत दिसते, आणि भिंतीवर—

हाताचे ठसे. कुंकवाचे.

२५ एप्रिल

दुपार. ऊन रणरणतंय. खाली फाटक वाजलं. जिन्यात नाही, खालच्या दाराशी. भिंत चाचपतंय कुणीतरी. तळहात घासल्याचा आवाज. बेल दाराच्या शेजारीच आहे, कुणालाही दिसेल अशी— तिला सापडत नाही—

विचारतेय. हळू आवाजात. पुढे कुठे—

मी तिला सांगितलंच नाही काही. कधीच काही विचारलं नाही. नावसुद्धा—

काकू जाग्या झाल्या. म्हणतायत, कोण गं बाहेर, थांब हां, बेल सापडेना होय, आले मी. पावलं. काकू नका. तिला तुम्ही नकोयत, तुमच्या जागी तिला मी— काकू, कडी काढू नका—

मीच जाते. दार मीच उघडणार. माझं नाव सांगेन तिला, चेहरा दाखवेन, हा घे म्हणेन, हा लावायचा होता, मी

काकू थांबा मी आ